स्टेअरिंग स्टॅबिलायझरच्या नावाखाली झालेली फसवणूक : जिम्नी आणि जिप्सीवाल्यांनी जरूर वाचा

गाडी मारुती जिम्नी, २०२३ च्या शेवटी घेतलेली. मी राहतो साताऱ्यात, शेत मेढ्याच्या पुढे डोंगराकडेला. पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर नुसता चिखल असतो, म्हणून फोर बाय फोर घेतली. वर्षभर गाडीनं कसलाच त्रास दिला नाही. मग पुण्यातल्या एका मॉडिफिकेशनच्या दुकानात दोन इंचांची लिफ्ट करून घेतली आणि कंपनीचे १९५/८० चे टायर काढून २१५/७५ चे खडबडीत टायर टाकले. काम बरं दिसलं. गाडी उंच झाली, शेतात पोट घासायचं थांबलं.

दीड-दोन महिन्यांनी पुण्याहून परत येताना शिरवळच्या अलीकडे नीरेच्या पुलावर पहिल्यांदा तो प्रकार झाला. वेग ऐंशीच्या आसपास. पुलाच्या जोडावर पुढची चाकं आपटली आणि स्टेअरिंग हातातून सुटल्यासारखं डावं-उजवं मारायला लागलं. नुसती थरथर नव्हे. पुढचा अख्खा भाग कुणीतरी धरून गदागदा हलवावा तसं. बाजूला बायको, मागे मुलगी झोपलेली. ॲक्सलरेटर सोडला, स्टेअरिंग घट्ट धरलं, ब्रेक दाबायचा मोह आवरला. काटा चाळिसाच्या खाली आल्यावर ते आपोआप थांबलं. शिरवळला चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा माझे हात गाडीपेक्षा जास्त हलत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात फोन केला. मालकानं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "सर, टेन्शन घेऊ नका, कॉमन आहे. टायर मोठे झाले ना, कंपनीचा स्टॅबिलायझर आता कमी पडतोय. हेवी ड्यूटी टाकू, विषय संपला." इथेच मी थांबायला हवं होतं. गाडी न बघता, जॅकवर न चढवता, टायरॉडला (पुढची दोन्ही चाकं स्टेअरिंगला जोडणारा दांडा) हातही न लावता जो माणूस फोनवर पार्टचं नाव सांगतो, तो रोग शोधत नसतो, माल विकत असतो. त्या दिवशी मला हे कळत नव्हतं, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

आधी हा पार्ट काय काम करतो ते सांगतो, कारण सगळी फसवणूक तिथल्या अज्ञानावर चालते. स्टेअरिंग स्टॅबिलायझर, म्हणजेच डॅम्पर, हा आडवा बसवलेला शॉकअप. आत तेल, त्यात सरकणारा दट्ट्या. दांडा हळू सरकवला तर जवळजवळ अडत नाही, झटका दिला तर अडवतो. दगडावर चाक आपटलं की तो धक्का थेट हाताला बसू नये, एवढंच त्याचं काम. जिम्नीला पुढे सलग ॲक्सल आहे (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याच्या टोकांवर), म्हणून कंपनी तो बसवूनच देते. जुन्या जिप्सीलाही पुढे सलगच ॲक्सल. (नव्या थारला पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात, तिथलं गणित वेगळं.) पण सलग ॲक्सलची गाडी अशी फडफडायला लागली तर कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं: किंगपिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा) बेरिंग सैल, टायरॉडच्या टोकांत झोल, पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सलला मधोमध धरणारा आडवा दांडा) रबरी बुश गेलेले, चाकांचं बॅलन्सिंग बिघडलेलं, किंवा लिफ्टमुळे कॅस्टरचा कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल, त्यानं चाक सरळ राहतं) कमी झालेला. जाड डॅम्पर बसवला की फडफड काही काळ दबते. दुखणं तिथंच राहतं आणि वाढत जातं.

तर मी पुण्याला गेलो. दुकानात खोका दाखवला, त्यावर परदेशी कंपनीचं नाव, होलोग्रामसारखं काहीतरी. किंमत साडेअठरा हजार, फिटिंगसह. दुकानदार म्हणाला, "इम्पोर्टेड आहे सर, बिल लावलं तर जीएसटी वाढेल, कशाला?" मी मान डोलावली. पैसे यूपीआयनं दिले आणि तेसुद्धा दुकानाच्या नावावर नाही, त्यानं सांगितलेल्या वेगळ्याच नंबरवर. हातात मिळालं ते 'एस्टिमेट' लिहिलेलं पिवळं कागदाचं चिठोरं, पार्ट नंबरशिवाय. फिटिंगच्या वेळी ग्राहकाला आत येऊ देत नाहीत, इन्शुरन्सचा नियम आहे म्हणे. पाऊण तासानं गाडी बाहेर आली, खाली चकचकीत पिवळा डॅम्पर. जुना मागितला तर "तो भंगारात टाकला सर, काय करणार त्याचं?" अठरा-वीस हजार किलोमीटर चाललेला, एक थेंब तेल न गळणारा कंपनीचा पार्ट होता तो.

सुरुवातीला फडफड गेली, हे खरं आहे आणि सांगायलाच हवं. नीरेचा पूल, खंबाटकी, कुठेच काही नाही. मी तर दोन मित्रांना त्या दुकानाचा पत्ताही दिला. त्यातल्या एकानं तिथून काम करून घेतलं, त्याची मला आजही खंत आहे. फक्त दोन गोष्टी खटकत होत्या. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सोडलं की गाडी हळूहळू एका बाजूला जायची. आणि उजवीकडे वळवताना स्टेअरिंग शेवटी कशावर तरी टेकल्यासारखं थांबायचं, आधी तसं नव्हतं. दुकानात विचारलं तर म्हणाले, नवीन आहे, सेट होईल.

जूनमध्ये केळघर घाटात ते काय होतं ते कळलं. महाबळेश्वरला चाललो होतो, वर चढताना उजवीकडचं एक आवळ वळण. समोरून एसटी उतरत होती. मी स्टेअरिंग पूर्ण फिरवायला गेलो आणि ते पाऊण फिरून अडलं. जोर लावला तर खालून 'टक्' असा आवाज. गाडी वळलीच नाही, सरळ कठड्याकडे गेली आणि डावं चाक साइडपट्टीच्या मातीत उतरलं. एसटीच्या ड्रायव्हरनं लांबूनच बस थांबवली, हात करून मला मागे घ्यायला लावलं. तो भला माणूस सावध नसता तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

महाबळेश्वरला गेलोच नाही. तसाच वीस-तीसच्या वेगानं साताऱ्याला उतरलो आणि एका मिस्त्रींकडे गाडी लावली. हयात जिप्सींवर घालवलेला माणूस, पत्र्याची शेड, बोर्डसुद्धा नाही. मी म्हटलं, "मामा, स्टेअरिंग अडतंय." त्यांनी काही विचारलं नाही. मला आत बसवून गाडी चालू ठेवायला सांगितली, स्टेअरिंग थोडं-थोडं डावं-उजवं हलवायला लावलं आणि स्वतः खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेले. दोन मिनिटांत हाक आली, "खाली या, बघा."

पॅनहार्ड रॉडचा बोल्ट सैल होता. हा रॉड ॲक्सलला चेसिसखाली मधोमध धरून ठेवतो. लिफ्ट केल्यावर त्याचा कोन बदलतो आणि ॲक्सल थोडा एका अंगाला सरकतो. म्हणून तो बोल्ट सोडून, गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या पूर्ण वजनाखाली पुन्हा आवळायचा असतो. हवेत जॅकवर असताना आवळला तर बुश पिळलेलाच राहतो आणि फाटतो. आमच्या बाबतीत तेच झालं होतं. बुश फाटला, बोल्टला झोल आला, भोक लांबट व्हायला सुरुवात झाली होती. मामा म्हणाले, "दादा, रोग हिथं आणि औषध तिथं लावलंय. अजून सहा महिन्यांनी ब्रॅकेटच फाटलं असतं."

मग त्यांनी तो पिवळा डॅम्पर काढला आणि माझ्या हातात दिला. दाबून बघ म्हणाले. आत जाताना मधेच दोन बोटं इतका भाग मोकळा, काहीच अडत नाही, पुढे एकदम घट्ट. सोडला की दांडा जोरानं बाहेर येतो. गॅस भरलेल्या डॅम्परचा हा स्वभाव, गाडी एका बाजूला ओढत होती ती त्यामुळे. दांड्याच्या सीलभोवती तेलाचा ओलावा. पूर्ण दाबलेली लांबी टेपनं मोजली, मग तो पूर्ण दाबलेला ठेवून जागेवर धरून दाखवला. चाक पूर्ण वळायच्या आधीच डॅम्पर संपतो. चाकाचं वळण थांबवायचं काम ॲक्सलवरच्या स्टॉपरचं, इथे ते डॅम्परवर येत होतं. घाटातला 'टक्' आवाज तोच, आणि त्याचं ब्रॅकेटही वाकलं होतं. शेवटी मामांनी पिवळा रंग ब्लेडनं खरवडला. खाली काळा रंग, त्याखाली गंज, आणि एका टोकाची कडी कापून दुसरी वेल्ड केलेली. कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा जुना डॅम्पर रंगवून, स्टिकर लावून मला साडेअठरा हजारांना विकला होता.

मामांनी नवे बुश टाकले, गाडी जमिनीवर ठेवून टॉर्क रेंचनं बोल्ट आवळला, किंगपिनचा घट्टपणा स्प्रिंग काट्यानं ओढून तपासला, चारही चाकांचं बॅलन्सिंग करून आणायला लावलं. आणि मग जे केलं ते मी विसरणार नाही. डॅम्पर न लावताच, पहाटे रिकाम्या रस्त्यावर, स्वतः चालवत गाडी हळूहळू साठपर्यंत नेली, खड्ड्यावरून मुद्दाम काढली. फडफड शून्य. हाताला धक्के जास्त बसले एवढंच. ही परीक्षा घरी करू नका, जाणता माणूस सोबत असेल तरच. पण डॅम्पर काढल्यावर जी गाडी फडफडते तिचा रोग डॅम्परमध्ये नसतो, हे मला तिथं पटलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या स्पेअर काउंटरवरून ओरिजिनल डॅम्पर आणला, सीलबंद पिशवी, पार्ट नंबर, पक्कं बिल. त्या पिवळ्या डॅम्परपेक्षा कितीतरी स्वस्त.

पुण्याच्या दुकानात गेलो तेव्हा मालकाचं उत्तर तयार होतं: तुम्ही ट्रेलवर नेली, बाहेरच्या मिस्त्रीनं उघडली, वॉरंटी संपली. कसली वॉरंटी, ती कागदावर कधी नव्हतीच. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण दुकानाकडून उत्तर आलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील मित्रानं एक कटू गोष्ट सांगितली: गाडीच्या मूळ रचनेत केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो, त्यामुळे लिफ्टचा मुद्दा समोरचा माझ्यावरच उलटवू शकतो. ते मला मान्य आहे. लिफ्ट माझ्या मर्जीनं केली, त्याचं उत्तर मी देईन. रंगवलेला भंगार पार्ट मात्र मी मागितला नव्हता.

माझ्याकडे पुरावा म्हणून आहे ते असं: यूपीआयची नोंद, पिवळं चिठोरं, दुकानदारानं व्हॉट्सॲपवर "१०० टक्के ओरिजिनल" लिहिलेला मेसेज, मामांनी खरवडताना मी काढलेला व्हिडिओ, आणि तो डॅम्पर. पक्कं बिल असतं तर अर्धी लढाई झाली असती, असं वकील म्हणाले. जुना पार्ट मी हातात घेऊनच दुकानातून निघालो असतो, तर माझ्या गाडीतून काय निघालं हेही दाखवता आलं असतं. ज्या मित्राला मी तो पत्ता दिला होता, त्याची जिप्सी गेल्या रविवारी मामांकडे उभी केली. त्याच्याही पिवळ्या रंगाखाली काळा रंग निघाला. आता अर्जावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत.