जगात खळबळ आहे, पैसे कुठे ठेवू: एफडी की इंडेक्स फंड?

अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धसक्याने ७ एप्रिल २०२५ ला सेन्सेक्स एका दिवसात २,२२६ अंकांनी आपटला आणि १५ एप्रिलपर्यंत ती घसरण भरूनही निघाली. अशा वेळी घाबरून इंडेक्स फंडातली (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारा फंड) एसआयपी, म्हणजे दरमहाचा ठरावीक हप्ता, बंद करणारे बहुतेकदा फसतात. पण ‘बाजार सावरतोच’ हेही अर्धंच खरं.

कारण २००८ वेगळं होतं. जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर जाऊन आला, मार्च २००९ मध्ये ८,१६० वर बंद झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुन्हा २१ हजारांना शिवला, पण तिथे टिकला नाही. नवा उच्चांक उजाडायला २०१३ ची दिवाळी आली. शिखरावर एकरकमी पैसे टाकलेल्याची, लाभांश सोडला तर, जवळपास सहा वर्षं फुकट गेली. शेजारी एफडीवाला निवांत व्याज खात होता. दर महिन्याला एसआयपी भरणाऱ्याला मात्र त्याच पडझडीत, सेन्सेक्स आठ-दहा हजारांवर असताना, फंडाचे युनिट्स (हिस्से) स्वस्तात मिळत होते. बाजार तोच, हाल वेगवेगळे.

आता एफडी. मुद्दल हलत नाही, झोप लागते. पण खळबळीची झळ तिलाही लागते, फक्त उशिरा. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर) ४ टक्क्यांवर आणला आणि ज्यांची ठेव तेव्हा पिकली त्यांना नवा दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात महागाई साडेसात टक्क्यांच्या वर होती. शिवाय व्याजावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. इंडेक्स फंड वर्षभरानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, पुढे साडेबारा टक्के. आणि एका बँकेतल्या तुमच्या ठेवींना विम्याचं कवच पाच लाखांपर्यंतच, व्याज धरून. सहकारी बँकेत जास्त दराच्या मोहाने सगळं एकाच जागी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पीएमसी या सहकारी बँकेचे ठेवीदार पैसे अडकले म्हणून मुंबईत रस्त्यावर उतरले, त्याला फार वर्षं झालेली नाहीत.

सोन्याचं म्हणाल तर भीतीच्या काळात ते चमकतं, पण व्याज देत नाही. थोडं असू द्या.

माझं मत विचाराल तर प्रश्न ट्रम्प काय करतील हा नाहीच, पैसे कधी लागणार हा आहे. मुलीची इंजिनिअरिंगची फी दोन वर्षांवर असेल तर एफडी, बाकी चर्चा नको. निवृत्ती पंधरा वर्षांवर असेल तर एसआयपी चालू ठेवा. आणि हाती मोठी रक्कम एकदम आली असेल तर ती वर्ष-दीड वर्षात हप्त्याहप्त्याने फंडात वळवा. बाजार चढत गेला तर त्यात थोडा नफा हुकेल, पण २००८ च्या जानेवारीसारखा मुहूर्त गाठण्यापेक्षा ते परवडलं.