बॉयलर घरघरतोय: सेटिंग बदलायचं, गाळ काढायचा की बॉयलरच बदलायचा?

नव्या घरात पहिल्यांदा हीटिंग लावलं आणि रेडिएटरचं पाणी तापवणारा भिंतीवरचा गॅस बॉयलर घरघरू लागला, की आधीच्या मालकाने बिघडलेलं यंत्र आपल्या गळ्यात मारलं असं वाटतं. तसं असेलही. पण बॉयलर बदलण्याआधी आणखी दोन वाटा असतात: कंट्रोल नीट लावणं आणि आतलं पाणी स्वच्छ करून घेणं. यातली आपली वाट कुठली, हे आवाज किती मोठा आहे त्यापेक्षा तो केव्हा येतो यावर ठरतं.

म्हणून दोन दिवस नुसतं ऐका. गरम पाण्याची वेगळी टाकी नसलेला कॉम्बी बॉयलर असेल, तर हीटिंग बंद ठेवून फक्त गरम पाण्याचा नळ सोडा. आवाज तेव्हाच येत असेल, तर पहिला संशय नळाचं पाणी तापवणाऱ्या प्लेट हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे बॉयलरच्या पाण्याची उष्णता नळाच्या पाण्याला देणाऱ्या भागावर, घ्यावा. त्यातून रोज नवं पाणी जातं, आणि पाण्यात क्षार जास्त असतील तर त्यांचा थर तिथेच धरतो. हा भाग सुटा बदलता येतो. नळ चालू असताना शांतता आणि हीटिंग लावल्यावर घरघर, असं असेल तर रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याकडे वळा.

आवाजाची जातही बरंच सांगते. खळखळ म्हणजे बहुधा हवा. हीटिंग बंद करून, रेडिएटर निवल्यावर वरच्या टोकाचा छोटा व्हॉल्व्ह किल्लीने सैल करा, हवा जाऊ द्या, पाणी आलं की घट्ट करा. मग प्रेशर बघा: बंदिस्त यंत्रणेत थंड असताना ते साधारण 1 ते 1.5 बार हवं. जमिनीखालून टकटक येत असेल तर बॉयलरला दोष देऊ नका. 10 मीटर तांब्याचा पाइप 50 अंशांनी तापला की सुमारे 8 मिलीमीटर वाढतो आणि लाकडाला घासतो. आधण ठेवलेल्या पातेल्यासारखी गुरगुर मात्र मुख्य हीट एक्स्चेंजरमधली, म्हणजे ज्योत जिथे पाणी तापवते तिथली, असते. क्षाराच्या किंवा गाळाच्या थरामुळे, नाहीतर पाणी फार हळू फिरत असल्यामुळे, एखाद्या जागी पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. पेटताना धाडकन आवाज होत असेल तर यातला कुठलाच प्रयोग करू नका. बॉयलर बंद करा आणि गॅसचं काम करण्याचा परवाना असलेल्या तंत्रज्ञाला बोलवा.

पहिली वाट, सेटिंगची, बिनखर्चाची आहे आणि तीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोली किती गरम हवी ते सांगतो. बॉयलरवरचं बटण रेडिएटरकडे जाणारं पाणी किती तापवायचं ते ठरवतं. नव्या घरात ही दुसरी सेटिंग अनेकदा 70-80 अंशांवर असते. ती 60 वर आणा आणि पुन्हा ऐका. गुरगुर कमी होण्याची बरीच शक्यता आहे. शिवाय कंडेन्सिंग बॉयलरमध्ये रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ द्रवते आणि तिची उष्णता आपल्याला मिळते. खोल्या तापायला वेळ जास्त लागेल, तो धरून चाला. गरम पाण्याची टाकी असेल तर तिच्यातलं पाणी मात्र 60 अंशांपर्यंत तापलंच पाहिजे, नाहीतर त्यात लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात.

थर्मोस्टॅट बदलायचा विचार असेल तर मोबाइलवरून चालतो की नाही हा प्रश्न मागे ठेवा. साधा चालू-बंद थर्मोस्टॅट बॉयलरला पेटव किंवा विझव एवढंच सांगतो. बॉयलर घरापेक्षा मोठा असेल तर तो दर काही मिनिटांनी पेटतो, विझतो आणि प्रत्येक वेळी आवाज करतो. मॉड्युलेटिंग थर्मोस्टॅट गरजेनुसार ज्योत लहान-मोठी करायला लावतो. पुष्कळ ‘स्मार्ट’ थर्मोस्टॅट आतून चालू-बंदच असतात, म्हणून तुमच्या बॉयलरला ओपनथर्म (ज्योत किती हवी हे थर्मोस्टॅटने बॉयलरला सांगण्याची, अनेक कंपन्यांत चालणारी पद्धत) किंवा कंपनीची स्वतःची जोडणी आहे का ते मॅन्युअलमध्ये पाहा. ती नसेल तर महागडा थर्मोस्टॅट घेऊन आवाजात फरक पडणार नाही.

रेडिएटर वरून गरम आणि तळाशी गार असतील, हवा काढताना काळं पाणी येत असेल, तर गाळ आहे. हा मॅग्नेटाइट, म्हणजे रेडिएटरच्याच लोखंडाचा काळा ऑक्साइड. इथे रसायन घालून काही दिवस फिरवून पाणी बदलणं आणि यंत्राने जोरात धुणं, असे दोन पर्याय आहेत. रेडिएटर जुने, पातळ झालेले असतील तर मी आधी पहिलाच पर्याय निवडेन, कारण जोराच्या धुण्याने दबलेली गळती उघडी पडू शकते. गाळ घट्ट बसलेला असेल तर मात्र रसायन पुरत नाही. काहीही केलं तरी नंतर परतीच्या पाइपवर चुंबकीय फिल्टर आणि पाण्यात गंजरोधक हवंच. प्रेशर सारखं उतरत असेल तर त्याचं कारण आधी शोधा, कारण प्रत्येक वेळी भरलेलं नवं पाणी नवा ऑक्सिजन आणतं आणि गंज सुरूच राहतो.

नवा बॉयलर मी तेव्हाच घेईन, जेव्हा मुख्य हीट एक्स्चेंजर गळत असेल किंवा सुटे भाग मिळतच नसतील. गाळ पाइपांत तसाच ठेवून बॉयलर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी; तोच गाळ नव्या यंत्राच्या अरुंद वाटांत जाऊन बसतो. म्हणून नवा बसवण्याआधी पाइप धुऊन घ्यायचं लेखी ठरवा. घरातून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशोब करूनच आकार निवडायला सांगा. कॉम्बीचा आकार नळाच्या पाण्याच्या गरजेवर ठरत असल्याने तो हीटिंगसाठी मोठा पडतो, तेव्हा बसवतानाच हीटिंगची कमाल शक्ती खाली आणून घ्या.