शिक्षक युनियनचं अँटी-रेसिझम वर्कशॉप: करावं का? माझा अनुभव

इथे कॅनडात सरेला मी चार वर्षं टीटीओसी आहे, म्हणजे ऑन-कॉल बदली शिक्षिका, त्याआधी नाशिकला ११ वर्षं शिकवलं. नवीन आलेले मराठी शिक्षक नेहमी विचारतात की युनियनची ती वर्कशॉप्स करायची का, का नुसता दिवस जातो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. मी केलं ते बीसी टीचर्स फेडरेशनचं, म्हणजे आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या शिक्षक युनियनचं, अँटी-रेसिझमवरचं (वंशभेदाविरुद्धचं) वर्कशॉप, प्रो-डी डेला, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या दिवशी, शाळेतच झालं.

आधी सांगते, मी फार इच्छेने गेले नव्हते. त्याआधी एका शाळेत (नाव नको) कुठल्यातरी खाजगी कंपनीचा ऑनलाइन कोर्स करायला लावला होता, स्लाइड पुढे ढकलायच्या, शेवटी दहा प्रश्न, की आलं सर्टिफिकेट. त्याच आठवड्यात तिथल्या एका पालकांनी ऑफिसात येऊन सांगितलं की उद्या "नीट इंग्लिश बोलणारी" टीचर पाठवा. मी मागच्या खोलीत झेरॉक्स काढत होते, सगळं ऐकू आलं. समोरचं कोणीच काही बोललं नाही, "बघतो" म्हणाले. त्यानंतर त्या शाळेतून मला कधी कॉल आला नाही आणि हे कोणाला सांगायचं असतं हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला जाऊ दे, दुसऱ्या शाळा आहेत.

तर या वर्कशॉपची पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे शिकवणारी बाई कन्सल्टंट नव्हती, आपल्यासारखीच वर्गावर जाणारी शिक्षिका होती, युनियन त्यांना त्या दिवसापुरतं वर्गातून मोकळं करते. त्यामुळे सकाळी घंटा झालीय, समोर २५ पोरं आहेत आणि एकाने दुसऱ्याच्या डब्याला नाक मुरडलं तर तुमच्याकडे खरंच किती सेकंद असतात हे तिला सांगावं लागत नाही. तिने सगळ्यांना कोरी कार्डं दिली, आपल्यासोबत किंवा समोर घडलेला एक प्रसंग लिहा, नाव नको, सगळी कार्डं एका बुटांच्या खोक्यात टाकली आणि मग एकेकाने दुसऱ्याचं कार्ड काढून मोठ्याने वाचायचं. माझं कार्ड आलं आमच्या पीईच्या सरांच्या हातात, रिटायरमेंटला आलेले, उंच, कमी बोलणारे. ते "नीट इंग्लिश" पर्यंत आले आणि थांबले, चष्मा वर केला, आणि परत पहिल्यापासून वाचलं. माझं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी खाली बघत बसले.

मग बाईंनी "तुम्हाला कसं वाटलं" वगैरे विचारलं नाही. विचारलं की तुम्ही त्या काउंटरपाशी उभे असता तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय आलं असतं. आणि ते उभं राहून बोलून दाखवायचं. सरांनी आधी लांबलचक समजावून सांगितलं, त्यांनाच मध्येच पटलं नाही, दुसऱ्यांदा म्हणाले, "ती आमची क्वालिफाइड टीचर आहे, उद्या तीच येईल." बस. एवढंच वाक्य त्या दिवशी कोणीतरी बोलायला हवं होतं. तीन तासांत माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं हेच.

मधे थोडा इतिहास झाला आणि तो मला अजिबात माहीत नव्हता. या फेडरेशनने १९७५ मध्येच प्रोग्राम अगेन्स्ट रेसिझम सुरू केला होता. पण मनात बसली ती व्हिव्हियन जंग. व्हँकुव्हरची चिनी वंशाची मुलगी, १९४५ मध्ये टीचर ट्रेनिंग करत होती, सर्टिफिकेटसाठी पोहण्याची परीक्षा पास व्हावी लागायची आणि क्रिस्टल पूलमध्ये गोऱ्या नसलेल्यांना बाकीच्यांबरोबर उतरू देत नव्हते. तिला दारातच अडवलं तर तिची ट्रेनर आणि वर्गातल्या मुली म्हणाल्या, ती नाही तर आम्हीही आत येणार नाही. तिथून ती बंदी मोडली. पुढे ती व्हँकुव्हर स्कूल बोर्डाने नेमलेली पहिली चिनी-कॅनेडियन शिक्षिका झाली आणि ३५ वर्षं टेकुम्से शाळेत शिकवलं.

हे ऐकताना मराठी माणसाच्या डोक्यात काय येणार, महाडच येणार. २० मार्च १९२७, चवदार तळं, बाबासाहेब आणि हजारो लोक ओंजळीने पाणी प्यायले, मग त्यांना मारहाण झाली, तळं "शुद्ध" केलं गेलं आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. मी हात वर केला आणि सांगितलं. आणि सांगता सांगता तेही बोलून गेले जे बोलायचं ठरवलं नव्हतं, की माझ्या आजोळी मागच्या दाराशी कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा, झाडायला येणाऱ्या मावशींचा, आणि त्यात चहा वरून ओतायचं काम सुट्टीत माझं असायचं. काउंटरपाशी माझ्यासाठी कोणी बोललं नाही म्हणून मला एवढं लागलं, पण त्या मावशींसाठी मीही कधी तोंड उघडलं नाही. खोलीत शांतता झाली, मग एक पंजाबी कलीग म्हणाली की आमच्यातही आहे, इथे सरेतसुद्धा, मुलं आडनाव विचारतात. बाईंनी पुढचा विषय थांबवला आणि त्यावर २० मिनिटं दिली. बर्नाबी शहराने २०२० मध्ये १४ एप्रिल आंबेडकर समता दिन म्हणून जाहीर केला होता आणि पुढच्या वर्षी अख्ख्या प्रांताने, हे तिथल्या निम्म्या शिक्षकांना तेव्हा कळलं.

शेवटचा भाग कराराचा, म्हणजे ॲग्रीमेंटचा, आणि लोक इथेच कंटाळून फोन काढतात पण प्लीज काढू नका. हॅरॅसमेंटचं कलम कुठे आहे, तक्रार आधी कोणाकडे करायची, स्टाफ रेपला, म्हणजे शाळेतल्या युनियनच्या प्रतिनिधीला, कधी सोबत न्यायचं, हे सगळं समजतं. आणि सीनियॉरिटीचं गणित. कपात आली की शेवटी लागलेला आधी जातो, दिसायला एकदम सरळ नियम, पण ज्यांना मुळात नोकऱ्याच उशिरा मिळाल्या ते त्यात पहिले जाणार. म्हणून इंडिजिनस, म्हणजे इथल्या मूळनिवासी, शिक्षकांसाठी युनियन आणि बोर्ड मिळून ह्युमन राइट्स कमिशनरकडे स्पेशल प्रोग्रामची मंजुरी मागू शकतात, भरतीत प्राधान्य आणि कपातीत संरक्षण. मला वाटतं कंपनीच्या कोर्सात आणि युनियनच्या वर्कशॉपमध्ये खरा फरक हा आहे, कोर्स तुमचं मन बदलायला बघतो, युनियन मन तर बदलतेच पण दुसऱ्या दिवशी करार उघडून बसायला सोबत माणूसही देते.

५ पैकी ४ स्टार देतेय. एक कापला तो आमच्या शाळेमुळे, दुपारी स्टाफ मीटिंग ठेवली आणि शेवटचा भाग धावतपळत उरकावा लागला. तुम्ही बुक करणार असाल तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू देऊ नका. आणि एक, ईए म्हणजे वर्गातल्या असिस्टंट, त्यात आपल्याकडच्या कितीतरी बायका आहेत, त्यांची युनियन वेगळी त्यामुळे त्या खोलीत नव्हत्या. असले शेरे सगळ्यात जास्त ऐकून घ्यावे लागतात ते त्यांनाच. मी स्टाफ रेपकडे गेले आणि विचारलं की पुढच्या वेळी त्यांना बोलावता येईल का, ती म्हणाली त्यांच्या युनियनशी बोलून बघते. शुक्रवारी परत विचारणार आहे.