बारावी अर्थशास्त्र: पुस्तक की अपेक्षित?
भाची बारावी कॉमर्सला आहे, परवा विचारत होती मामा, सूक्ष्म अर्थशास्त्रासाठी बालभारतीचं पुस्तक वाचू की अपेक्षित प्रश्नसंच पाठ करू. खर्चाचं म्हणाल तर पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते. वेळ अपेक्षितमध्ये वाचतो, उत्तरं तयारच असतात. पण समजायला पुस्तकच, कारण सीमान्त उपयोगिता (आणखी एक नग घेतल्यावर मिळणारं जादा समाधान) शून्य झाली की एकूण उपयोगिता (सगळ्या नगांचं मिळून समाधान) सर्वात जास्त असते हे नुसतं पाठ केलं की दोन दिवसांत विसरतं, तेच तिला वडापावचा तक्ता करायला लावला, एकेका वडापावचं समाधान 10, 6, 2, 0 आणि बेरीज 10, 16, 18, 18, लगेच ट्यूब पेटली! महिना हातात असेल तर पुस्तक घ्या, आठवडाच उरला असेल तर अपेक्षित, पण मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या तेव्हाही पुस्तकातूनच हाताने काढा, अक्षांना नावं देऊन.