कॉन्कॉर्ड बनवायचं की टीयू-144?

परीक्षा संपली त्याच दिवशी खानापूरहून भाच्याचा फोन. "मामा, सिंपलप्लेन्समध्ये कॉन्कॉर्ड बनवू की ते रशियन?" सिंपलप्लेन्स म्हणजे तुकडे जोडून विमान बनवायचा आणि उडवायचा गेम. अर्धा तास बोललो, तरी त्याचं समाधान झालं नाही. म्हणून सगळं नीट लिहून काढलं.

कॉन्कॉर्ड आणि रशियन टीयू-144, दोन्ही आवाजाहून वेगाने जाणारी प्रवासी विमानं, लांबून जुळी भावंडं वाटतात. टीयू-144 ला लोक 'कॉन्कॉर्डस्की' म्हणून चिडवायचेच. पण आधी उडालं ते रशियन, 31 डिसेंबर 1968 ला. कॉन्कॉर्ड त्यानंतर दोन महिन्यांनी, 2 मार्च 1969 ला. गेममध्ये बनवायला बसलं की मात्र दोघांतला फरक बोटांना कळतो.

पहिली अडचण पंखाची. कॉन्कॉर्डच्या पंखाची पुढची कड नागमोडी वळत जाते, आणि गेममधल्या पंखाच्या तुकड्यांच्या कडा सरळच. ते वळण आणायला एका बाजूला पाच-सहा तुकडे जोडावे लागतात. माझ्या दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शिवाय फोन जुना असेल तर तुकडे वाढतील तसा गेम अडखळायला लागतो. टीयूचा पंख दुहेरी त्रिकोणाचा, कडा बऱ्यापैकी सरळ. बाजूला दोन मोठे तुकडे लावले की आकार ओळखता येतो.

खरी गंमत तोलात आहे. दोघांनाही मागे आडवं शेपूट नाही. अशा विमानात पंखाच्या मागच्या कडेचे एलेव्हॉन (वर-खाली हलणाऱ्या पट्ट्या) खाली केले की उचल वाढते, पण नाकही खाली जातं. यावर रशियनांनी तोड काढली ती मिशांची. प्रवासी टीयूला कॉकपिटच्या मागे दोन छोटे पंख होते, उड्डाण घेताना आणि उतरताना उघडायचे, वेगात मिटायचे. मिशा नाक सावरून धरतात, मग एलेव्हॉन खाली सोडता येतात. कॉन्कॉर्डला ही सोय नाही. ते नाक चांगलंच वर करून ताशी 300 किलोमीटरच्या आसपास उतरायचं. शेपटी घासू नये म्हणून मागे एक छोटं चाकही होतं. ते चाक विसरू नकोस. मी विसरलो आणि तीन वेळा शेपूट धावपट्टीवर घासून ठेवलं.

म्हणजे टीयू सोपं? तसं नाही की रे. मिशा लावल्या की गेममध्ये दिसणारा उचलीच्या मध्याचा निळा गोळा पुढे सरकतो. वजनाचा लाल गोळा त्याच्याही पुढे हवा, नाहीतर विमान कोलांटी मारतं. नाकात डेड वेट (नुसतं वजन) भर आणि मागच्या भागातलं इंधन कमी कर. खऱ्या कॉन्कॉर्डमध्ये उलटं चालायचं: आवाजाचा वेग ओलांडला की उचलीचा मध्य मागे जातो, म्हणून वीसेक टन इंधन पंपाने मागच्या टाकीत ढकलायचे. हे करून बघायची हौस असेल तर लॅपटॉपवर कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा दुसरा गेम घे. त्यात उडता उडता या टाकीतलं इंधन त्या टाकीत टाकता येतं, आणि पँथर इंजिनाचा आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) चालू-बंद करता येतो.

तो बंद करता येणं हीच कॉन्कॉर्डची शान. मॅक 1.7 (आवाजाच्या 1.7 पट वेग) नंतर आफ्टरबर्नर बंद करून ते मॅक 2 ने जात राहायचं. त्या वेगाने बेळगावहून निपाणी दोनेक मिनिटांत! (बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मात्र नाही. पूर्ण भरलेल्या कॉन्कॉर्डला साडेतीन किलोमीटरहून जास्त धावपट्टी लागायची, सांबऱ्याची त्या मानाने आखूडच.) प्रवासी टीयूची सुरुवातीची इंजिनं आफ्टरबर्नरशिवाय हा वेग टिकवू शकत नव्हती. इंधन भसाभसा जायचं, आत कानठळ्या बसायच्या. मॉस्को–अल्मा अता मार्गावर प्रवासी घेऊन जेमतेम 55 फेऱ्या झाल्या, 1978 मध्ये सेवा बंद. कॉन्कॉर्ड 1976 ते 2003 उडत राहिलं.

खाली झुकणारं नाक दोघांनाही आहे. गेममधला एक रोटेटर (भाग फिरवणारा तुकडा) लाव, काम झालं.

माझं मत विचारशील तर सुट्टीत पहिलंच विमान असेल तर टीयू घे, आणि मिशा उघड्याच ठेव, मिटवायच्या भानगडीत पडू नकोस. रात्री जेवणापर्यंत उडेल. पण भाचा ऐकेल असं वाटत नाही. त्याला ते वळणदार पंखच हवेत, आणि आठ दिवस तो त्यातच घालवणार हे मला आत्ताच दिसतंय.