कोलाडचं राफ्टिंग : नागपूरहून जाणाऱ्या, पोहता न येणाऱ्या मंडळींसाठी

आधीच सांगून टाकते, पोहता येत नसलं तरी रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला जा, फक्त राफ्टिंगवाला नीट पाहून निवडा. आपल्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा नाहीतर रामटेकचं खिंडसी, सगळं थांबलेलं पाणी, बोटीत बसा, फोटो काढा, परत या. धावत्या पाण्यात हवा भरलेल्या बोटीत, म्हणजे राफ्टमध्ये, बसून स्वतः पॅडल मारायचं असं आमच्या घरात कोणीच कधी केलं नव्हतं. भाचा पुण्याला हिंजवडीत नोकरीला आहे, तो केव्हाचा मागे लागून राहिला होता की मावशी एकदा याच, तर मी, आमचे हे, जाऊबाई आणि घरातले कॉलेजचे पोट्टे असे सगळे अजनीहून वंदे भारतने पुण्याला गेलो आणि तिथून ताम्हिणी घाटाने कोलाड. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे पण घाट आहे, तीन तास धरूनच निघा आणि जमलं तर आदल्या रात्रीच तिकडे मुक्कामाला जा, कारण राफ्टिंग सकाळचंच असतं.

सकाळचंच का, तर कोलाडच्या कुंडलिका नदीला पाणी वरून सोडतात तेव्हाच येतं, आणि सोडतात ते सकाळी. मुळशीला टाटांचं धरण आहे, तेच, ज्याच्याविरुद्ध 1921 ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. त्या धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला आणतात, तिथे त्यावर वीज होते आणि मग ते पाणी कुंडलिकेत येतं. मुळा नदीचं हे पाणी खरं म्हणजे भीमेतून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जायचं, ते इकडे पश्चिमेला उतरून रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळतं. मला हे फार भारी वाटलं. आणि याच्यामुळेच मे महिन्यात, जेव्हा आपल्या कन्हानच्या पात्रात नुसती वाळू दिसते, तेव्हाही इथे राफ्ट चालते. पण पाणी विजेच्या हिशोबाने सोडतात, तुमच्या आमच्या हिशोबाने नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करून घ्या.

आता मुख्य गोष्ट. नदीच्या खळाळांना 1 ते 6 असा ग्रेड देतात, कुंडलिका 2 ते 3 मध्ये येते, म्हणजे लाटा उसळतात, तोंडावर पाणी येतं, पण नवीन माणसाला झेपतं. मात्र ते झेपणं बरंचसं काठावरच ठरतं, राफ्ट पाण्यात जायच्या आधी. आमचा गाईड तिकडचाच मुलगा होता, पंचविशीतला असेल, त्याने काठावर चांगला अर्धा तास घेतला आणि एकालाही मोबाईलमध्ये डोकं घालू दिलं नाही. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे त्याने स्वतः ओढले, मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर खेचून पाहिलं, आमच्या ह्यांचं जॅकेट कानापर्यंत वर आलं तर उघडून पुन्हा बांधायला लावलं. पॅडलच्या वरच्या टोकाला जी आडवी मूठ असते ती हाताने पूर्ण झाकून ठेवायची, एका सेकंदासाठीही सोडायची नाही, कारण लाटेत ती मूठ शेजारच्याच्या दातावर बसते, हे त्याने इतक्यांदा म्हटलं की पोट्टे परतीच्या गाडीतसुद्धा एकमेकांना तेच म्हणत होते. पाय राफ्टच्या आडव्या फुगीर ट्यूबखाली रुतवून बसायचं. फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाउन, एवढेच शब्द, पण ते जमिनीवर ठेवलेल्या राफ्टमध्ये बसवून आमच्याकडून करून घेतले.

आणि पडलो तर काय? हे सांगताना तो मुलगा एकदम गंभीर झाला. पाठीवर झोपायचं, पाय वाहत्या पाण्याच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर दिसली पाहिजेत, आणि उथळ वाटलं तरी धारेत उभं राहायचं नाही. पाय दगडाच्या फटीत अडकला तर मागून येणारं पाणी माणसाला पुढे ढकलून खाली दाबतं, गुडघाभर पाण्यातही. जाऊबाईने विचारलं की दोर फेकला तर हाताला गुंडाळायचा का, तर म्हणे ताई, अजिबात नाही, दोर छातीशी धरायचा, खांद्यावरून घ्यायचा आणि पाठीवरच राहायचं, आम्ही ओढतो. शेजारी दुसऱ्या एका ग्रुपचं ब्रीफिंग तोवर संपून त्यांची राफ्ट पाण्यात गेली होती, पाच मिनिटांत सगळं गुंडाळलं, दोघातिघांचे हेल्मेटचे पट्टे लोंबत होते. पाहून राग आला मला, त्यात एक म्हाताऱ्या काकू होत्या.

पाण्यावरचा वेळ दीड-दोन तास, अंतर बाराएक किलोमीटर. सुरुवातीलाच एकामागून एक लाटा येतात आणि पहिल्या लाटेला आमच्या राफ्टमधल्या अर्ध्या लोकांनी पॅडल मारायचंच बंद केलं, तेव्हा गाईड मागून जोरात ओरडला, कारण राफ्टला वेग असेल तरच ती लाट कापते, नाहीतर आडवी होते. हे एकदा समजलं की मग मजा सुरू. दुसरं त्याने दाखवलं ते पाणी वाचणं, खळाळाच्या तोंडाशी गुळगुळीत पाण्याची जीभ दिसते, तिचं टोक पुढे असेल तर वाट तिथून आहे, आणि टोक आपल्याकडे असेल तर खाली दगड आहे. पोट्टे मग प्रत्येक वळणावर आधीच ओरडून सांगायला लागले, डावीकडून भाऊ, डावीकडून! शेवटच्या भागात पाणी संथ होतं तिथे उतरून तरंगू देतात. जाऊबाई, ज्यांनी कधी गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं, त्या राफ्टची दोरी धरून उतरल्या आणि मग दोरी सोडून पाठीवर झोपल्या, दोन्ही बाजूला हिरवी झाडी, वर आभाळ, आणि त्या मोठ्याने हसत सुटल्या होत्या. पूर्ण वेळ एक मुलगा कयाकमध्ये, म्हणजे एकट्याच्या छोट्या अरुंद बोटीत, आमच्या आसपास होता, त्याच्यामुळे मला फार धीर आला.

खटकलं ते पण लिहिते. कपडे बदलायची खोली बायकांसाठी अगदीच लहान आणि ओली, कडी नीट लागत नव्हती. परतीच्या गाडीची ओल्या कपड्यात बराच वेळ वाट पाहावी लागली. फोटो-व्हिडिओचे पैसे वेगळे, ते आधी सांगितलं नव्हतं. शनिवार-रविवारी रेटही जास्त आणि गर्दीही, राफ्टवर राफ्ट, त्यामुळे हप्त्याच्या मधल्या दिवशी गेलात तर फार बरं. लहान पोरांना घेत नाहीत, चौदाची अट सांगितली आम्हाला, आणि ती त्यांनी पाळली हे मला आवडलं.

कोणी म्हणेल मग ऋषिकेशच का नाही. तिकडच्या ब्रह्मपुरीपासूनचा (आपल्या चंद्रपूरकडची नव्हे) छोटा टप्पा तिथेही नवीन लोकांसाठी आहे, गंगेचं पाणी मोठं आणि बर्फाचं, पण पावसाळ्यात तिथलं राफ्टिंग बंद असतं, आणि ज्याचं कोणी ना कोणी पुण्याला आहे, म्हणजे नागपुरातलं जवळजवळ प्रत्येक घर, त्याला कोलाड सोपं पडतं.

बुकिंगच्या फोनवर पैशाचं नंतर बोला, आधी विचारा ब्रीफिंग किती वेळ देता, सोबत सेफ्टी कयाक असतो का, आणि पोहता न येणारे किती जण एका राफ्टमध्ये बसवता. समोरचा घाईघाईत "सब हो जाएगा" म्हणाला तर दुसरा नंबर लावा. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा, चप्पल नको, पायाला घट्ट बसणारी सँडल किंवा जुने बूट घाला, जीन्स तर घालूच नका.