अर्धा सामना इथे, अर्धा दुसऱ्या गावात: इंग्लंडमधील हिवाळी इनडोअर बोल्स

इंग्लंडमध्ये शरद ऋतू सरत आला की बोल्सच्या, म्हणजे ‘जॅक’ नावाच्या लहान चेंडूजवळ आपले मोठे चेंडू घरंगळत नेण्याच्या खेळाच्या, उघड्या हिरवळी बंद होतात आणि खेळणारी मंडळी छपराखाली अंथरलेल्या लांबलचक गालिच्यावर येतात. वसंतापर्यंत चालणाऱ्या या हंगामात क्लबांच्या आपापसांत अनेक स्पर्धा होतात. त्यांत पुरुषांसाठी डेनी चषक आणि महिलांसाठी येटन चषक या देशपातळीवरील आंतर-क्लब स्पर्धांना विशेष मान आहे. मात्र त्यांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत गाठ बहुधा आसपासच्या क्लबांशीच पडत असल्यामुळे त्यांना गावकीच्या चुरशीचा रंग असतो. पूर्व इंग्लंडमधील एका क्लबात डेनी चषकाची अशी एक फेरी मी पाहिली आणि नंतर पुण्याहून आलेल्या सासू-सासऱ्यांना तिथल्याच नवख्यांच्या सत्राला घेऊन गेले. हे परीक्षण त्या दोन्ही अनुभवांवर आधारलेले आहे.

आपल्याकडे हा खेळ बहुतेकांनी प्रथम पाहिला तो २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत. लव्हली चौबे, पिंकी सिंग, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून भारताला या खेळातील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले होते. तो सामना लेमिंग्टन स्पा येथील गवतावर झाला होता. छपराखालचा खेळ नियमांनी तोच, पण स्वभावाने वेगळा आहे. वारा नाही, पाऊस नाही, ओलसर गवताचा अडथळा नाही. त्यामुळे कमी जोर लावूनही चेंडू दूर जातो, त्याचे वळण अधिक रुंद होते आणि चुकीचे खापर फोडायला हवामान हाताशी राहत नाही. चेंडू वळतो तो एका बाजूला जास्त वजन असल्यामुळे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते वळण त्याच्या किंचित असमान आकारामुळे येते. ज्या बाजूला लहान वर्तुळ कोरलेले असते त्या बाजूला तो झुकतो. क्रिकेटवेड्या वाचकांसाठी जाता जाता सांगायचे तर १९०३ साली स्थापन झालेल्या इंग्लिश बोलिंग असोसिएशनचे पहिले अध्यक्ष दाढीवाले डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस होते आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये छपराखालचे बोल्स रुजवण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

डेनी चषकाची खरी गंमत त्याच्या रचनेत आहे. सामना चार रिंकवर, म्हणजे गालिच्यावर आखलेल्या लांब पट्ट्यांवर, खेळला जातो, पण त्यांपैकी दोन रिंक आपल्या क्लबात आणि दोन प्रतिस्पर्ध्यांच्या क्लबात असतात. प्रत्येक रिंकवर दोन्ही बाजूंचे चार-चार खेळाडू असल्याने क्लबाच्या सोळा जणांपैकी आठ जण घरी राहतात आणि आठ जण गाडीने दुसऱ्या गावी जातात. एकाच वेळी चाललेल्या या चारही डावांच्या गुणांची बेरीज करून विजेता ठरतो. प्रत्येक रिंकवर २१ एंड (एका टोकाकडून सर्वांचे चेंडू टाकून झाले की एक एंड) होतात आणि त्याला तीन तास सहज लागतात. घरच्या गालिच्यावर आपण भक्कम आघाडी घेतली असली, तरी तिकडे आपल्या सोबत्यांची तितकीच धूळधाण उडालेली असू शकते, आणि ते समोरच्या गालिच्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी कळत नाही.

या रचनेमुळे हरलेल्या रिंकलाही शेवटपर्यंत किंमत राहते, हे मला सर्वांत आवडले. मी ज्या रिंकसमोर बसले होते तिथे यजमान इतके मागे पडले होते की साध्या सामन्यात उरलेले एंड उपचारापुरतेच खेळले गेले असते. इथे मात्र त्यांचा स्किप, म्हणजे रिंकवरचा कप्तान, प्रत्येक शॉट (प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जॅकच्या जवळ राहिलेल्या चेंडूचा एक गुण) वाचवण्यासाठी झगडत होता. एका एंडला प्रतिस्पर्ध्यांचे चार चेंडू जॅकच्या भोवती जमलेले असताना, हाती उरलेला शेवटचा चेंडू जोराने हाणून सगळे उधळून देण्याचा मोह त्याला झाला असणार. त्याऐवजी त्याने चेंडू अलगद सोडला, तो रुंद वळसा घेत आला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दुसऱ्या चेंडूच्या किंचित आत विसावला. चार शॉट जायचे तिथे एकच गेला. प्रेक्षकांना त्यात काही घडले असे वाटणारही नाही, पण शेजारी बसलेल्या जुन्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या त्या नेमक्या या चेंडूला, समोरच्या रिंकवरच्या धडाकेबाज फटक्याला नव्हे. गुण ठरवण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक बाजूचा तिसरा खेळाडू वाकून चेंडूंची अंतरे पाहतो, शंका आल्यास फीत लावतो, आणि किती शॉट कोणाचे हे दोघे आपसांत ठरवून मोकळे होतात. पंचाला बोलवावे लागते ते दोघांचे एकमत न झाल्यासच.

इतक्या नाट्यमय रचनेचा लाभ प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्यात मात्र हा क्लब पार कमी पडला. दुसऱ्या गावातील रिंकचे गुण कोणाच्या तरी फोनवर येत होते आणि ते बारच्या टोकाला, एका लहानशा फळ्यावर, आठवण होईल तेव्हा लिहिले जात होते. सामन्याच्या सर्वांत अटीतटीच्या टप्प्यावर तो फळा बराच वेळ जुनेच आकडे दाखवत राहिला. रिंकवरचे गुणफलक खेळाडूंच्या सोयीचे असल्याने काचेमागच्या बैठकीतून त्यांपैकी अर्धे दिसत नव्हते. नवख्या माणसाला सामना समजावून सांगणारा एखादा छापील कागदही कुठे ठेवलेला नव्हता. एक साधा टीव्ही आणि त्यावर चारही रिंकचे चालू गुण, एवढी सोय केली तरी या खेळाला तरुण प्रेक्षक मिळतील असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या आसपास बसलेल्यांत साठीच्या आतले फार थोडे होते.

खाण्यापिण्याची व्यवस्था घरगुती आणि स्वस्त आहे. सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र जेवायला बसतात, ही प्रथा मला मनापासून आवडली. शाकाहारी प्रेक्षकांनी मात्र चीज आणि लोणच्याच्या सँडविचपलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये. चहा मोठ्या बंबातून मिळतो, तो ऊन आणि फिका असतो. सासूबाईंनी दुसऱ्या वेळी आल्याची पूड सोबत नेली.

नवख्यांच्या सत्राबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. हिवाळ्यात मुलांकडे आलेले आईवडील दुपारी चारलाच अंधारणाऱ्या दिवसांत घरात कोंडून बसतात, हा इथल्या बहुतेक मराठी घरांतील प्रश्न आहे, आणि त्यावर याहून सोयीची जागा मला अजून सापडलेली नाही. चेंडू क्लबातच वापरायला मिळतात आणि ते वेगवेगळ्या मापांचे असल्यामुळे लहान हाताच्या माणसालाही आपल्या मुठीजोगा निवडता येतो. प्रशिक्षक हे क्लबाचेच सभासद असतात आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला घाईने तोडत नाहीत. ज्यांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही त्यांच्यासाठी चेंडू धरणारी लांब दांडी असते. ती वापरणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही, कारण स्पर्धेत खेळणारे काही जणही ती वापरतात. सासऱ्यांनी तीच घेतली आणि तासाभरात जॅकच्या आसपास चेंडू पोहोचवू लागले. सासूबाईंना खेळापेक्षा गप्पांत अधिक रस होता, आणि त्यांनाही कोणी उठवले नाही.

जाण्याआधी क्लबाला फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, त्या दिवशीची फेरी घरची दोन रिंक दाखवणारी आहे की तटस्थ ठिकाणची, कारण स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यांत चारही रिंक एकाच छपराखाली येतात आणि प्रथमच पाहणाऱ्यासाठी तेच अधिक सोपे ठरते. दुसरी, खेळून पाहायचे असल्यास पायांत काय चालेल. गालिच्याला इजा होऊ नये म्हणून सपाट तळव्याचेच बूट लागतात. प्रेक्षकांच्या बैठकीत गारठा असतो, तेव्हा स्वेटर सोबत असावा, आणि सोडतीच्या तिकिटांसाठी थोडी सुटी नाणीही.